लेणी शिकविणारे पुरातत्त्व आणि न वाचलेले लेख

आमचा विषय पाली. पुरातत्त्वाच्या विभागाशी आमचा संबंध येतो तो क्वचितच, एखाद्या प्रबंधाच्या निमित्ताने किंवा चर्चासत्राचे बोलावणे आले म्हणून. परंतु गेल्या काही वर्षांत पुरातत्त्व आणि सांस्कृतिक वारसा या विषयांत एम. ए. करणारी आपल्या समाजातील मुलेमुली विहारात भेटावयास येऊ लागली आहेत, आणि येताना ती आपल्या वह्या घेऊन येतात. त्या वह्या आम्ही आस्थेने वाचल्या. पुढील विवेचन बहुतांशी त्या वाचनातून निघाले आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहावरील टिपण जवळजवळ प्रत्येक वहीत आहे. सभागृहाची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट, स्तंभ ३७. छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या. दर्शनी भागातील पिंपळपानाकृती गवाक्ष. स्तंभशीर्षांवरील हत्ती आणि त्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची युगुले. नंतर भाजे व बेडसे यांच्याशी तुलना, आणि स्तंभांचा आतील बाजूस असलेला कल कमी होत गेला यावरून बसविलेला कालक्रम. हे सर्व बरोबर आहे. विद्यार्थ्याला यावर गुण मिळतात आणि ते मिळावयास हवेत. मात्र त्याच स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. कोणाची नावे, कोणत्या गावची माणसे, दान कशाचे, याविषयी अक्षर नाही. आम्ही एका हुशार विद्यार्थिनीस याचे कारण विचारले. ती म्हणाली, "सर, लेख एपिग्राफीच्या पेपरला असतात. आम्ही तो पेपर घेतला नाही."

तिचा काही दोष नाही. वास्तू एका पेपरला, आणि ती वास्तू कोणी व का उभारली हे दुसऱ्या, तेही ऐच्छिक पेपरला, अशी वाटणी तिच्या आधीच कोणीतरी करून ठेवली आहे. आमची तक्रार या वाटणीविषयी आहे. आणि ती केवळ पुरातत्त्व विभागांविषयी नाही, आपल्याविषयीही आहे. ते पुढे येईल.

कार्ल्याच्या एका स्तंभाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्यावरील लेखानुसार हा 'ससरीर' स्तंभ, म्हणजे शरीरधातूंनी युक्त असा स्तंभ, सोपारा येथील धम्मुत्तरीय निकायाचा भाणक सातिमित याचे दान होय. लेख लहान आहे. पुस्तकात छापला तर दोन ओळी भरावयाच्या नाहीत. परंतु पालीच्या विद्यार्थ्याने तो वाचला तर तो 'भाणक' या शब्दापाशी थांबल्याशिवाय राहणार नाही. दीघभाणक, मज्झिमभाणक, जातकभाणक हे शब्द त्याने अट्ठकथांतून वाचलेले असतात. बुद्धवचन ग्रंथबद्ध होण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक पिढ्या, ज्या भिक्खूंनी ते कंठात जतन केले ते हे भाणक. ग्रंथात ते समूहाने भेटतात, बहुधा एखाद्या पाठभेदाच्या वादात. कार्ल्यात त्यांतील एक जण नावानिशी, गावानिशी, निकायानिशी भेटतो. तो सोपाऱ्याच्या बंदराचा आहे. त्याचे दान घाट चढून वलूरकाच्या संघारामात (वलूरक हे कार्ल्याचे लेखांतील नाव) आले आहे. तो भिक्खू असून दाता आहे. बुद्धाचा शब्द मुखाने सांगणारा हा मनुष्य धातूंचेही पूजन करतो.

एवढ्या एका लेखात वाङ्मयाचा इतिहास आहे, व्यापारी मार्गांचा आहे, विनयाचा एक अवघड प्रश्नही आहे. आणि ज्या विद्यार्थ्याने त्या स्तंभाच्या कलाचे अंश मोजले, त्याच्या वहीत सातिमित नाही.

दुसरे उदाहरण आम्ही स्वतः अनुभवलेले. एका चर्चासत्रात एका तरुण अभ्यासकाने नाशिकच्या लेण्यांवर निबंध वाचला. तेथील उषवदाताच्या सुप्रसिद्ध लेखात गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवलेल्या अक्षयनीवीचा तपशील आहे: २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने, १००० दुसरीकडे पाऊण दराने, त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंची चीवरे व इतर खर्च भागवावयाचा. या श्रेणींचे नाव लेखात 'कोलिकनिकाय' असे आहे. निबंधकाराने त्याचा अर्थ कोळी समाज असा घेऊन गोदावरीकाठच्या मच्छीमारांच्या सुबत्तेवर दोन पाने लिहिली होती. 'कोलिक' म्हणजे विणकर, संस्कृतातील कौलिक. चीवरांसाठीची ठेव विणकरांकडे ठेवली, यात व्यवहाराची केवढी साधी संगती आहे! सभागृहात पुरातत्त्वाचे तीन प्राध्यापक उपस्थित होते. कोणी हरकत घेतली नाही. आम्ही चहाच्या वेळी त्या तरुणास बाजूस घेऊन सांगितले, तेव्हा त्याने मोकळेपणाने कबूल केले की मूळ लेख त्याने पाहिलाच नव्हता. एका इंग्रजी पुस्तकातील नामसूचीवरून त्याने तो शब्द उचलला होता.

लेखांची प्राकृत म्हणजे पाली नव्हे, हे खरे. परंतु ज्याने पालीचे एक वर्षाचे अध्ययन मन लावून केले आहे त्याला ती फार परकी वाटत नाही. जुन्नरच्या लेखांत 'देयधम' आहे, पालीत 'देय्यधम्म' आहे. कार्ल्याच्या दर्शनी भागात वेणुवासाचा पुत्र सामि नावाच्या कारागिराने द्वार घडविल्याचा लेख आहे. त्याचा व्यवसाय 'वढकी' असा दिला आहे, पालीतील 'वड्ढकि', सुतार. विदर्भातील विद्यार्थ्याला तर हा शब्द शिकवावाही लागत नाही, कारण सुताराला वाढई म्हणताना त्याने आजीला ऐकलेले असते. दगडाचे काम सुताराने केले, यावरून लाकडी बांधणीचे अनुकरण दगडात कसे उतरले हा वास्तुशास्त्राचा प्रश्नही उजळतो. ज्या फासळ्यांचे वर्णन प्रत्येक वहीत आहे त्यांची गुरुकिल्ली त्या दारावरच्या लेखात आहे. हाच भाग शिकविताना का वगळावा, हे आम्हांला समजत नाही.

आता परिभाषेविषयी. 'हीनयान लेणी' आणि 'महायान लेणी' ही विभागणी अद्याप वह्यांमध्ये ठाण मांडून आहे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरील ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी उपलब्ध साधनांच्या मानाने ते काम थोर होते आणि त्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु बुद्धमूर्ती नाही म्हणून हीनयान आणि आहे म्हणून महायान, हे सूत्र त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे तपासल्यावाचून पुढे चालत राहिले. हीनयान हा शब्द प्रतिपक्षाने दिलेला हिणकस शब्द आहे, एवढ्याचसाठी आम्ही तो नाकारीत नाही. लेण्यांतील लेख स्वतःच आपल्या रहिवाशांची नावे सांगत असताना दुसऱ्याने दिलेले नाव कशाला वापरावयाचे? नाशिक आणि कान्हेरी येथे भद्रायणीय आहेत, कार्ल्यात महासांघिक आहेत, जुन्नर व कार्ले येथे धम्मुत्तरीय आहेत. ही नावे अभ्यासक्रमात आली असती तर 'हीनयान' हा शब्द आपोआप गळून पडला असता.

येथे कोणी असे समजू नये की विद्यापीठांनी काहीच केले नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी हे कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. परंतु त्यांनी लेख वाचण्याची जी शिस्त घालून दिली तिचे ऋण महाराष्ट्रातील प्रत्येक विभागावर आहे. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. त्या टेकाडाला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत असत. (जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे. या दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह आम्हांला होतो, पण पुरावा नाही म्हणून तो आवरतो.) डेक्कन कॉलेजात डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचा जो संग्रह १९९१ मध्ये सिद्ध केला तो आमच्या टेबलावर नित्य असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे तर गणिताचे. पण त्यांनी कार्ल्याच्या परिसरातील वाटा पायांनी तुडविल्या, लेखांतील धेनुकाकटाचा शोध घेतला, आणि लेण्यांचे स्थान घाटवाटांशी जोडून दाखविले. त्यांचे वडील पालीचे आचार्य होते, हा केवळ योगायोग नसावा. नागपूर विद्यापीठ आणि केंद्रीय पुरातत्त्व खाते यांनी १९६९-७० मध्ये पवनी येथे केलेले उत्खनन, डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरील अहवाल, ही वैनगंगेच्या काठावरील बौद्ध इतिहासाची पायाभूत सामग्री आहे. हे सर्व विद्यापीठीय परंपरेतूनच आले. आमचे म्हणणे एवढेच की या परंपरेतील उत्तम भाग आजच्या वर्गात पोहोचत नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण येथपर्यंतचे वाचून काही वाचक प्रसन्न झाले असतील.

पाली विभागांत दगड शिकविला जातो काय? आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत दोन वर्षांच्या एम. ए. मध्ये आम्ही धम्मपद, सुत्तनिपात, मिलिंदपञ्ह, विसुद्धिमग्गाचा काही भाग वाचला. अशोकाचे लेख एका पेपरात होते. परंतु आमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या लेण्यांतील एकही लेख आम्हांला कोणी वाचून दाखविला नाही, आणि आम्हीही मागितला नाही. ब्राह्मी आम्ही तिशीनंतर, स्वतःच्या हौसेने शिकलो. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी १९९१ मध्ये एका निबंधात असा आरोप केला की बौद्ध धर्माच्या आधुनिक अभ्यासकांनी ग्रंथ हेच खरे मानले आणि जमिनीतून निघालेल्या पुराव्याला दुय्यम लेखले. भिक्खूने द्रव्य बाळगू नये असे ग्रंथ सांगतो म्हणून तो बाळगीत नव्हता असे धरून चालले, वास्तविक दानलेखांत भिक्खू आणि भिक्खुणी दाते म्हणून पुन्हा पुन्हा येतात. शोपेन यांची सर्व अनुमाने आम्हांला मान्य नाहीत. पण हा आरोप पाश्चात्त्यांइतकाच आम्हांलाही लागू पडतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कारण लेख आपल्याला रुचेल तेच सांगतील असे नाही. १९५६ नंतर आपण जो धम्म स्वीकारला तो बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धीच्या कसोटीवर घासून दिलेला आहे. धातुपूजेला, आईवडिलांच्या नावे पुण्य अर्पण करण्याला आपल्या विचारात फारसे स्थान नाही. लेण्यांतील दाते मात्र धातू स्थापन करतात, आणि दानाचा हेतू सांगताना मातापित्यांचे स्मरण करतात. मग आपण काय करतो? सुतार, सुगंधी द्रव्यांचे व्यापारी, विणकर, प्रव्रजित स्त्रिया यांची नावे अभिमानाने सांगतो, कारण श्रमिकांचा आणि स्त्रियांचा हा इतिहास आपल्याला हवा आहे. आणि त्याच ओळीतील उरलेले शब्द सोडून देतो. पुरातत्त्वाचा विद्यार्थी लेख वगळतो, आपण अर्धा वाचतो. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर किती कष्ट घेतले ते त्यांच्या लेखन आणि भाषणे या मालेच्या १९९८ मध्ये निघालेल्या सोळाव्या खंडावरून दिसते. शब्द गाळून वाचणाऱ्याने असा कोश केला नसता.

दाव्यांच्या बाबतीत तर अधिक सावधपणा हवा. अमुक मंदिर मूळचे विहार होते, हे विधान आपल्या सभांतून सहज केले जाते. काही ठिकाणी त्याला आधार आहे. तेर येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आणि गजपृष्ठाकार आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले. पण केवळ आकार हा पुरावा होत नाही, ऐहोळेचे दुर्ग मंदिरही गजपृष्ठाकारच आहे. तेरविषयी बोलताना विटांचे माप, थरांचा क्रम, सापडलेल्या वस्तू यांविषयी बोलता आले पाहिजे, आणि ते बोलण्यासाठी पुरातत्त्व शिकावे लागते. घोषणेने ते काम होत नाही.

रामटेकजवळचे मनसर हे याहून बोलके उदाहरण आहे. आचार्य नागार्जुनांचे स्थान म्हणून नागपुरातील बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने तेथील उत्खननासाठी पुढाकार घेतला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी ते केले. आपल्या समाजाशी निगडित संस्थेने असे काम उभे करावे ही असामान्य गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. उत्खननात जे निघाले त्यात 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरे असलेल्या मुद्रा होत्या. उत्खननकर्त्यांनी तेथे बौद्ध अवशेषही असल्याचे प्रतिपादन केले. हान्स बक्कर आदी विद्वानांनी ते स्थळ वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरपुराशी आणि तेथील शिवमंदिराशी जोडले, आणि त्यावरील ग्रंथ २००८ मध्ये निघाला. हा वाद आपल्या किती तरुणांनी मुळातून वाचला आहे? आमच्या पाहण्यात अत्यल्प. मुद्रेवरील सहा अक्षरे आपल्या अपेक्षेविरुद्ध गेली म्हणून ती नजरेआड करावयाची, की ती शिकून वादात उतरावयाचे, हा निर्णय आपला आहे. ज्या संस्थेने जमीन खणण्याचे धैर्य दाखविले तिच्या पुढच्या पिढीने अहवाल वाचण्याचा कंटाळा करावा, हे आम्हांला पटत नाही.

'सांस्कृतिक वारसा' हा नवा विषय हल्ली अनेक ठिकाणी जोडून शिकविला जातो. त्यात जतन, संग्रहालये, पर्यटन, कायदे यांचा अंतर्भाव असतो. १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा विद्यार्थ्यांना कलमवार पाठ असतो, ही चांगली गोष्ट. पण वारसा कोणाचा, हा प्रश्न त्या वह्यांत नाही. लेण्याद्रीला सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात चैत्यगृह आहे, आणि कल्याणच्या सुलसदताने ते दिल्याचा लेख तेथे आहे. शेजारच्या सातव्या लेण्यात, जो मुळात भिक्खूंचा विहार, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. रोज येणारे शेकडो भाविक सुलसदताच्या दारावरून जातात. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याची भाषा आम्ही करीत नाही; कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनास येणाऱ्या कोळी बांधवांविषयीही आमचे तेच म्हणणे आहे. परंतु त्या दारावर काय लिहिले आहे हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, नीट वाचून लिहिलेले असावे, आणि ते लिहिणारा माणूस विद्यापीठाने तयार केलेला असावा, ही मागणी अवाजवी नाही.

लेखाच्या वाचनावर किती अवलंबून असते याचा प्रत्यय पिप्रहवाच्या प्रकरणात आला. १८९८ मध्ये पेप्पे यांनी उघडलेल्या त्या स्तूपातील रत्ने २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या लिलावात विकावयास निघाली. भारत शासनाच्या आक्षेपानंतर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती मायदेशी परतली. आपल्या विहारांतून त्याचा आनंद झाला, आम्हांलाही झाला. परंतु त्या करंडकावरील ब्राह्मी लेखाचा अर्थ काय, त्यातील धातू शाक्यांनी स्थापिलेले बुद्धाचे, की फ्लीट म्हणतात तसे बुद्धाच्या शाक्य आप्तांचे, हा वाद शंभर वर्षांपूर्वी बूलर, फ्लीट, सिल्व्हाँ लेव्ही यांनी घातला. त्या वादात भाग घेऊ शकेल असा विद्यार्थी आज आपण महाराष्ट्रातून देऊ शकतो काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. मराठीच्या प्राचीनतेसाठी लेण्यांतील आणि नाणेघाटातील लेखांचा दाखला दिला जातो. प्राकृतवाल्यांना ते भाषेचे नमुने म्हणून हवे असतात. पालीवाल्यांना बौद्ध म्हणून. तिघांच्या अभिमानाचा विषय असलेला हा लेख वर्गात मात्र पोरका आहे. पुरातत्त्वाच्या एम. ए. ला पाली किंवा प्राकृताचा एक पेपर सक्तीचा करावा, आणि पालीच्या एम. ए. ला ब्राह्मी लिपी व एका लेणीसमूहाचे प्रत्यक्ष वाचन सक्तीचे करावे, अशी सूचना आम्ही संबंधित अभ्यासमंडळाकडे लेखी पाठविली आहे. उत्तर आलेले नाही. तोपर्यंत विहारात रविवारी सकाळी ब्राह्मीचा वर्ग चालतो. सध्या अकरा जण येतात. त्यांत दोन पुरातत्त्वाचे, एक शिक्षिका, एक एस.टी.चे सेवानिवृत्त वाहक आहेत. वाहकांचे अक्षर सर्वांत चांगले आहे.

मागील हिवाळ्यात या वर्गाला घेऊन आम्ही कार्ल्यास गेलो होतो. सातिमिताच्या स्तंभापाशी विजेरी तिरपी धरली की अक्षरे उठून दिसतात. 'भाणकस' हा शब्द एकेक अक्षर लावीत वाचल्यावर त्या शिक्षिकेने विचारले, "म्हणजे हे आपले त्रिपिटकच म्हणत असणार ना, सर?" आम्हांला 'हो' म्हणता आले नाही. आपल्या हाती असलेले पाली तिपिटक सिंहलद्वीपातील महाविहाराच्या थेरवादी परंपरेने राखलेले आहे. सातिमित धम्मुत्तरीय. त्या निकायाचा पाठ आज उपलब्ध नाही. बरेचसे सारखे असेल, काही वेगळे असेल, एवढेच सांगून आम्ही विजेरी पुढच्या स्तंभावर नेली, आणि तेथे धेनुकाकटच्या एका यवनाचे नाव निघाले.